कुंदाकाकूंचं विरजण आणि माझं पोस्टर

३ फेब्रुवारी, सोमवार

रोजनिशी पुन्हा सुरू. जानेवारीतली बंद पडली होती, पण ती डायरी बँकेची फुकटची, कागद पातळ. दोष माझा नाही.

या वेळी कारण मोठं आहे. मरोळच्या मायक्रोबायॉलॉजी परिषदेत माझं संशोधन स्वीकारलं गेलं! मी तोंडी सादरीकरणासाठी पाठवलं होतं, त्यांनी पोस्टरमध्ये घातलं. शर्मिष्ठा म्हणाली, म्हणजे पोरं शाळेत चार्ट करून नेतात तसं का? माझी बायको विमा कंपनीत आहे, तिला यातलं कळत नाही. तोंडी बोलणारा थोडा वेळ बोलून खाली बसतो. पोस्टर दिवसभर उभं असतं. शेजारी आपण. थोर थोर लोक येतात, वाकून वाचतात, प्रश्न विचारतात.

विषय: बोरिवलीतील घरगुती विरजणांमधले सूक्ष्मजीव. असं काम आजवर कोणी केलेलं नाही. शोधलं नाही अजून, पण नसणारच.

संकल्प: रोज लिहायचं. शर्मिष्ठावर चिडायचं नाही. आणि या वर्षी कॉलेजात परमनंट होऊन दाखवायचं. या पोस्टरनंतर त्यांना दुसरा पर्यायच राहणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

नमुने गोळा करायला सुरुवात. आमच्या सोसायटीतूनच. विज्ञान घरापासून सुरू होतं. रिक्षाही लागत नाही.

संध्याकाळी आधी तळमजल्यावर कुंदाकाकूंकडे. काकू घरी चक्का लावतात आणि श्रीखंड करून विकतात. सामंतकाका गेल्यापासून घर त्याच्यावरच चालतं. पाडव्याला तर अर्धी गल्ली त्यांच्या दारात डबे घेऊन उभी असते. चमचाभर विरजण मागितलं तर म्हणाल्या, दिवेलागणीला विरजण देत नाहीत रे, एवढा शिकलास आणि हे माहीत नाय? सकाळी ये.

अंधश्रद्धेपायी संशोधकाला कसं ताटकळावं लागतं त्याचं हे उदाहरण. प्रस्तावनेत घालता येईल.

६ फेब्रुवारी, सकाळी

काकूंनी दिलं. स्टीलच्या वाटीत, वर ताटली. वाटीवर जुन्या पद्धतीप्रमाणे नाव कोरलेलं: सौ. कुंदा वि. सामंत. विरजण म्हणे त्यांच्या सासूबाईंनी वेंगुर्ल्याहून आणलेलं, तेव्हापासून मोडलेलं नाही. गावी जायचं झालं तर डब्यात घालून सोबत नेतात. दुखणं असो, सुतक असो, रोज दही लागतं. म्हणाल्या, वाटी आठवणीने आण, आणि रिकामी आणू नको.

बाकी मजल्यांवरूनही मिळालं. बाळकाकांकडचं (सोसायटीचे सेक्रेटरी) काकूंच्याच विरजणाचं निघालं. आमच्याकडून नमुना घेतला नाही. आमच्याकडे पॅकेटचं दही येतं. शास्त्रज्ञाच्या घरात अज्ञात जंतू कशाला?

गोपनीयता कडक ठेवली आहे. कोणाचं नाव नाही. नमुना अ, ब, क. काकूंचा क.

१० फेब्रुवारी, सोमवार

नाक वाहतंय. स्टाफरूमच्या एसीची कृपा.

आज प्लेटिंग. म्हणजे काचेच्या गोल बशीत जंतूंचं खाद्य थिजवलेलं असतं, त्यावर नमुना पसरायचा आणि कोण उगवतं ते पाहायचं. गंधाली (ज्युनियर लेक्चरर, पोस्टरवर दुसरं नाव तिचं टाकलंय, हा माझा मोठेपणा) म्हणाली, सर, सर्दी आहे तर मास्क लावा ना, नाहीतर मी करते. मी तिला समजावलं की मास्क लावला की मागच्या बाकापर्यंत आवाज पोचत नाही. कारण मी हाताने प्लेटिंग करत होतो आणि तोंडाने टी.वाय.च्या मुलांना शिकवत होतो. दोन्ही एकदम. किती जणांना जमतं हे?

क नमुना मुद्दाम शेवटी ठेवला. प्लेट उघडून वेंगुर्ल्यापासून सासूबाईंपर्यंत सगळी कथा सांगितली. मुलं रंगून गेली होती. मध्ये एक शिंक आली, पण मी मान वळवली. बऱ्यापैकी वळवली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शोध! शोध! शोध!

बहुतेक प्लेटांवर पिवळे ठिपके, आणि क वर तर पिवळाधमक सडा. स्टॅफ. खाण्यातून पोटात गेला तर माणसाला उलट्यांनी आडवा करणारा जंतू. एरवी माणसाच्या नाकात आणि कातडीवर राहतो. मग हा दह्यात कसा आला? हाच तर प्रश्न आहे, आणि तो विचारणारा जगात मी पहिला.

गंधालीने रसभंग केला. कंट्रोलची प्लेट घेऊन आली. कंट्रोल म्हणजे जिच्यावर काहीच घालत नाहीत ती. नुसती बाकीच्यांबरोबर उघडून ठेवतात, आणि ती कोरी राहिली पाहिजे. तिच्यावरही पिवळे ठिपके. म्हणाली, सर, याचा अर्थ जंतू दह्यातले नाहीत, बाहेरून आलेत, सगळं पुन्हा करावं लागेल. मी म्हणालो, कंट्रोलचं खाद्य जुनं असेल. पुन्हा जरूर करू. परिषद झाल्यावर.

तरुण पिढीत धीर नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पोस्टरचा मजकूर लिहून झाला. थोडा जास्त झाला. गंधाली म्हणते, सर, पोस्टर लांबून वाचता आलं पाहिजे, हे जवळूनही येत नाही. मी म्हणालो, ज्याला खरी जिज्ञासा आहे तो भिंग आणेल.

तरी तिच्या समाधानासाठी वर एक मोठं मराठी शीर्षक घातलं: तुमच्या दह्यात काय आहे?

२४ फेब्रुवारी, सोमवार

कांदिवलीला प्रितमकडे छपाई. प्रितम वाढदिवसाचे फ्लेक्स करतो, त्यामुळे मोठ्या आकाराचा त्याला अनुभव आहे. फाइल बघून म्हणाला, सर, वाट लागली ना, एवढ्या अक्षरात कोण बघणार? आणि तुमचा फोटो कुठेय? फोटोशिवाय फ्लेक्स म्हणजे काय यार.

विचार केला तर मुद्दा बरोबर आहे. संशोधनामागे माणूस असतो. ब्लेझरमधला फोटो दिला. जागा होईना. काहीतरी काढणं भाग होतं. कंट्रोल प्लेटचा फोटो वगळला. तसाही तो दिसायला बरा नव्हता.

क च्या प्लेटभोवती प्रितमने आपणहून लाल गोल आणि बाण टाकला. शेजारी नमुन्याचा फोटो. त्याच्याकडचं मशीन जबरदस्त आहे, वाटीवरचा ओरखडासुद्धा दिसतो. चौकटीला सोनेरी बॉर्डर आली, ती त्याच्या फाइलमध्ये कायमचीच असते म्हणे, काढायला गेलं की सगळं हलतं.

एकंदरीत झकास.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. विज्ञान दिन.

बाळकाका म्हणाले, प्रोफेसर, विज्ञान दिन आहे, तुमचं ते बॅनर लॉबीत लावा की, सोसायटीला कळू दे. परिषदेआधी जनतेसमोर! मोठ्या संशोधकांनाही हे सुचत नाही. लिफ्टच्या शेजारी लावलं. बाळकाकांनी वर झेंडूचा हार घातला.

दिवसभर माणसं थांबून बघत होती. माझं लिखाण वाचायला आजवर कोणी थांबलेलं नाही. 

२ मार्च, रविवार

प्रतिसाद तुफान. सोसायटीच्या ग्रुपवर लाल गोलाचा फोटो फिरतोय. तिसऱ्या मजल्यावरच्या जयंतीबेननी तो झूम करून टाकला. त्यात वाटीवरचं नाव स्वच्छ वाचता येतंय. सौ. कुंदा वि. सामंत.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणजे फोटो निवडताना उजेड बघितला, नाव नाही बघितलं. पण तांत्रिकदृष्ट्या मी नाव दिलेलं नाही. नाव वाटीने दिलं.

शर्मिष्ठा म्हणाली, तू आत्ताच्या आत्ता खाली जा आणि ते काढ. मी म्हणालो, आता काढलं तर लोकांना वाटेल काहीतरी गडबड आहे.

५ मार्च, बुधवार

बाळकाकांनी घरचं दही ओतून दिलं. जयंतीबेननी पाडव्याची ऑर्डर रद्द केली. आणखीही काही जणांनी केली म्हणतात. लिफ्टमध्ये दोन बायका बोलत होत्या, इतकी वर्षं खातोय आपण हे, बाई गं. मला बघून म्हणाल्या, बरं झालं सर तुम्ही होतात.

जनजागृती होते आहे.  

काकू गेटपाशी भेटल्या. म्हणाल्या, इंग्रजी मला वाचता येत नाय, पण माझी वाटी मला ओळखता येते. माझं दही खराब आहे का रे मिहिर? मी म्हणालो, काकू, संशोधनात असं हो-नाही नसतं. त्या म्हणाल्या, मग लाल गोल कशाला केलास? मी म्हणालो, ते प्रितमने केलं.

हे लिहिताना बरं दिसत नाहीये.

८ मार्च, शनिवार. सकाळी.

परिषदेचा दिवस. पोस्टर गुंडाळून निघालो तर काकू आपल्या दारात उभ्या, हातात दही-साखर. म्हणाल्या, चांगल्या कामाला निघालास, हात पुढे कर. मला वाटलं नव्हतं त्या अशा थांबतील. त्यांनी तळहातावर दही घातलं. मी तोंडाजवळ नेलं, आणि डोळ्यांपुढे तो पिवळा सडा आला. आज आजारी पडून चालणार नव्हतं. हो हो, खातो म्हणत बाहेर पडलो आणि गेटपाशी गेल्यावर रुमालात पुसून टाकलं.

अपमान कोणाचाच झाला नाही. कोणी बघितलं नाही.

८ मार्च, संध्याकाळी

पोस्टर उभं हवं होतं, मी आडवं छापलंय. हे सूचनापत्रात होतं म्हणे. आयोजकांकडचा एक मुलगा म्हणाला, सर, दोन्ही बाजूंच्या पोस्टरांवर जातंय, दुमडा. दुमडलं. एका बाजूला माझा फोटो मागे गेला, दुसऱ्या बाजूला निष्कर्ष. जागा चहाच्या टेबलाशेजारी. बरीच गर्दी होती. चहाला.

दुपारी डॉ. जानकी आल्या. परीक्षक, या विषयातल्या मोठ्या बाई. पाठीमागे हात घेऊन त्यांनी पहिल्या ओळीपासून सगळं वाचलं, मग दुमडलेल्या बाजूही उलगडून पाहिल्या. चष्मा काढून पुन्हा घातला. मग विचारलं, कंट्रोल कुठे आहे? मी म्हणालो, जागेअभावी. त्या म्हणाल्या, तुमच्या फोटोला जागा आहे. गंधाली शेजारीच उभी होती. तिने मोबाइलवर कंट्रोल प्लेटचा फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला.

बाईंनी तो पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. प्लेटिंग करताना मास्क होता का? सर्दी होती का? आणि नेमकी तेव्हाच मला शिंक आली. रुमाल काढला. घाईत उघडला. आत सकाळचं दही, वाळून चिकटलेलं, आणि साखरेचे दाणे. ते नाकाला लागलं. बाईंना दिसलं की नाही माहीत नाही. मला दिसलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, सोमवारी आधी तुमच्या नाकाचा स्वॅब लावा आणि उरलेलं दही कोणा सर्दी नसलेल्या माणसाकडून तपासून घ्या. चुका होतात, पोस्टर त्यासाठीच असतं, चार लोकांनी बघून चूक काढावी म्हणून. फक्त एक सांगा, हे इथेच पहिल्यांदा लावलंत ना? ज्यांच्याकडून नमुने घेतलेत त्यांच्यापर्यंत नाही ना गेलं?

मी म्हणालो, छे छे.

गंधालीने माझ्याकडे पाहिलं. तिला लॉबीचं माहीत आहे, मीच कौतुकाने फोटो पाठवला होता.

सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. सगळ्यांनाच देत होते.

९ मार्च, रविवार

बाळकाकांनी विचारलं, काय प्रोफेसर, बक्षीस? मी म्हणालो, प्रमाणपत्र मिळालं. ते खोटं नाही. त्यांनी पोस्टर पुन्हा लॉबीत लावलं. नको म्हणायचं तर का नको ते सांगावं लागलं असतं.

आणि अजून सिद्ध कुठे झालंय? बाईंचा तो नुसता अंदाज आहे.

१२ मार्च, बुधवार

सिद्ध झालं.

गंधालीने परवा स्वॅब घेतला होता. फ्रिजमध्ये काकूंची वाटी होतीच, तळाशी थोडं दही. तिने मास्क, ग्लोव्हज घालून, तोंड बंद ठेवून प्लेटिंग केलं. आज प्लेटा शेजारीशेजारी ठेवल्या. काकूंच्या दह्याची स्वच्छ, जे जंतू दह्यात असायला हवेत तेच. माझ्या नाकाची पिवळीधमक. कंट्रोल कोरा.

म्हणाली, सर, त्या काकूंना आजच सांगा. मी येऊ का बरोबर? मी म्हणालो, नको, मी सांगतो.

लाज वाटली. सरळ लिहितो. प्लेट बघवेना. इतकी वर्षं मुलांना शिकवतोय की आधी कंट्रोल बघा.

आज सांगायचं होतं, पण काकूंकडे पाहुणे होते. चपला दिसल्या दाराशी. चपला त्यांच्याच असतील, पण असं कोणाच्या घरात घुसणं बरं नाही.

१३ मार्च, गुरुवार

नवीन पान. आधी स्वच्छता. कॉलेजात तपासणी समिती येणार आहे, फ्रिजमध्ये महिन्यापूर्वीचे नमुने बरे दिसत नाहीत. कोणी त्या प्लेटा बघून प्रश्न विचारले तर उगाच गैरसमज. सगळे नमुने, सगळ्या वाट्या ऑटोक्लेव्हला लावल्या. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ, त्यातून कुठलाही जंतू जिवंत सुटत नाही. गंधाली रजेवर होती, मी स्वतः लावलं.

वाट्या इतक्या चकचकीत निघाल्या की मन हलकं झालं. काकूंची वाटी बॅगेत घातली. परत करताना सगळं सांगायचं. उद्या.

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड.

आज कोण गंभीर बोलणार?

१६ मार्च, रविवार

समोर जाऊन सांगण्यापेक्षा लेखी चांगलं. लेखी कायम राहतं. सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजीत शुद्धिपत्र टाकलं. संशोधकाच्या नाकातील जंतूंमुळे नमुन्यांत भेसळ झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, अशा अर्थाचं. पॅराग्राफ जरा मोठा झाला. भाषा शास्त्रीय ठेवली.

उत्तरं: अंगठे. जयंतीबेन: अभिनंदन सर. बाळकाका: पाण्याची टाकी मंगळवारी धुणार आहेत, कृपया नोंद घ्यावी.

माझं कर्तव्य झालं.

शर्मिष्ठाने वाचलं. म्हणाली, हे तू कोणाला सांगितलंस, मिहिर? हे तर मलाही दोनदा वाचल्यावर कळलं. 

२३ मार्च, रविवार

सोसायटीची मीटिंग. आज सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलं होतं. उठलो. सुरुवात विज्ञानाच्या मर्यादांपासून केली. मग जगात किती माणसांच्या नाकात स्टॅफ असतो, तो निरुपद्रवी कसा राहतो, शिंकेतून कसा उडतो, हे सविस्तर सांगितलं. मुद्द्यावर येणार होतो. येतच होतो. बाळकाका मध्येच म्हणाले, अच्छा अच्छा, म्हणजे सर्दीवाल्या माणसाने दह्यात शिंकलं की होतं हे. मग कुंदाताईंना सर्दी होती का?

सगळे मागे वळले. काकू शेवटच्या खुर्चीवर. त्या म्हणाल्या, नाय हो.

मी तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, मला होती. तोंड उघडलं. तोवर बाळकाका पार्किंगच्या विषयावर गेले होते.

आता सोसायटीत बोलतात की काकू दह्यात शिंकतात. माझ्यामुळे. मी सुधारायला उठलो होतो.

२७ मार्च, गुरुवार

पाडव्याआधी काकूंच्या गॅलरीत चक्क्याच्या पुरचुंड्या टांगलेल्या असतात. पांढऱ्या कापडाच्या, एका दांडीवर ओळीने, खाली पातेली. दरवर्षी कॉलेजला जाताना मी नाक मुरडतो, उघड्यावर टांगतात म्हणून.

आज दांडीवर काही नाही. एक टॉवेल आहे.

गंधालीने विचारलं, सर, सांगितलंत ना? मी म्हणालो, हो, मीटिंगमध्ये. ती बरं झालं म्हणाली. तिच्याकडे बघता आलं नाही.

संकल्प: पाडव्याच्या मुहूर्तावर. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे. त्या दिवशी केलेलं काम फळतं. वाटी परत करायची, सांगायचं, आणि मोठी ऑर्डर द्यायची. आमची, गंधालीची, स्टाफरूमची. लोक ऑर्डर बघतील तर विश्वास बसेल. उलट काकूंचा धंदा वाढेल. यातून चांगलंच निघणार आहे.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.

लिहितो.

सकाळी खाली गेलो. लॉबीत पोस्टर उलटं लावलेलं होतं. फ्लेक्सची मागची बाजू कोरी असते, बाळकाकांनी त्यावर मार्करने गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा लिहून घेतलंय. माझा फोटो भिंतीकडे. बरं वाटलं.

काकूंनी दार उघडलं. गुढी उभारलेली, साखरेची गाठी, कडुलिंब, सगळं जागच्या जागी. घरात दुधा-वेलचीचा वास नव्हता. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा मर्यादांपासून सुरुवात केली असती. उभ्यानेच सांगितलं. काकू, तुमचं दही चांगलं होतं. जंतू माझ्या नाकातले होते. मी प्लेटवर शिंकलो. मला दीड महिन्यापूर्वीच सांगितलं होतं की पुन्हा कर, मी नाही केलं. आणि खरं कळूनही इतके दिवस सांगितलं नाही.

इतकंच होतं सगळं. एवढ्याला एवढे दिवस लागले.

 मला वाटलं रडतील, किंवा हाकलून देतील. मी ऑर्डरचं बोललो. सगळ्यांच्या दारात जाऊन स्वतः सांगतो म्हणालो, आज, आत्ता. त्या म्हणाल्या, सांग. सांगायलाच हवं. पण श्रीखंड कशाचं करू?

मला कळलं नाही.

म्हणाल्या, तुझ्या त्या पोस्टरचं मला काय वाटलं नाय रे. लोक काय, बोलतात आणि पाडवा आला की पुन्हा येतात. पण तू परीक्षेला निघालास त्या दिवशी तुझ्या हातावर दही घातलं, आणि गेटपाशी जाऊन तू ते रुमालात पुसलंस. मी खिडकीत होते. मला वाटलं, एवढा शिकलेला मुलगा, लहानपणापासून माझ्या हातचं खातोय, तो पुसतोय म्हणजे खरंच त्याने आत काहीतरी बघितलं असणार. लोकांच्या पोटात कशाला घालू? त्याच दिवशी ओतलं. दही, विरजण, सगळं. पातेली उकळून ठेवली.

 

मग त्यांचा चेहरा जरा उजळला. म्हणाल्या, बाळभाऊंनीही ओतलंय, त्यांच्याकडे नाय मिळणार. पण तुझ्या कॉलेजात असेल ना रे थोडंसं? मी दिलेलं? वाटीला लागलेलं असलं तरी पुरे. बोटभर विरजण असलं तरी दही लागतं. दोन-चार दिवसांत पुन्हा धरेल ते.

वाटी माझ्या हातात होती. पिशवीतून काढून ठेवली होती, परत करायला. पुढे केली.

काकूंनी ती दोन्ही हातांत घेतली. आत पाहिलं. उजेडाकडे तिरकी करून पुन्हा पाहिलं. कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला.

म्हणाल्या, स्वच्छ घासलीस रे.

मी म्हणालो, हो.